उताण्या सायकलीवरचे दाजी

दाजी, तुमचं तेरावं झालं तरी माणसं अजून येतच आहेत. ओट्यावर टेकतात, पटका काढून मांडीवर ठेवतात, अक्काशी दोन शब्द बोलतात, पाणी पितात. मग नजर हळूच गोठ्याच्या भिंतीकडं वळवतात. तिथं तुमची सायकल टेकून ठेवलेली आहे. तिच्याकडं बघितलं की प्रश्न आलाच म्हणून समजा.

"नाना, ही चालवायची तरी कशी?"

पहिल्या दिवशी मला राग आला. दुखवट्याला आलेल्या माणसानं सायकलीचं विचारावं? पण आतून अक्काचाच आवाज आला, "पायाकडं बघायचं न्हाई. लांब बघायचं. पायाकडं बघितलं की पडलंच." शब्द तुमचे होते, थांबायची जागासुद्धा तुमची. तुम्ही गेल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. तेव्हापासून मी कुणाला अडवत नाही. विचारू दे.

परवा शिरूर कासारहून एकजण आला, खुब्यात अधू, लेकाच्या खांद्यावर हात टाकून. विकायची का म्हणाला, आणि आपली उंची सांगायला लागला. मी म्हणालो, "उंची नको सांगू दादा. टेकून बस, पाय लांब कर. पायडल पार पुढं गेल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहिला पायजे. ताठ झाला तर खुबा दुखंल, लई वाकला तर गुडघा." तो बसला. त्याच्या चेहऱ्यावरची आठी सुटलेली मी बघितली. अक्का दारात आली, त्या आसनावर दुसऱ्याला बसलेलं बघून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दादा, इकायची आजून न्हाई. पर बसा वाटंल तितका येळ." आणि आत गेली.

दाजी, तुम्ही आमच्या घरचे जावई झालात तेव्हा तुमच्या नोकरीचं आम्हाला कौतुक होतं आणि लाजही. सरकारी नोकरी, पण काम देवी टोचायचं. गावोगाव हिंडून लेकरांच्या दंडावर सुई ओढायची. तुम्ही वेशीत शिरलात की "टोच्या आला, टोच्या आला" अशी हाकाटी व्हायची. बाया लेकरं कणगीत लपवायच्या, बाप्ये शेताला निघून जायचे. मी घोंगड्या विकणारा. माझं टट्टू वेशीत दिसलं की माणसं पुढं यायची, तुमचं दिसलं की दारं लागायची. आपण कितीदा एकाच रस्त्यानं गेलो, आणि कितीदा ह्या गोष्टीवर हसलो. तुमचं हसणं पोटातलं नसायचं, हे मला कळायचं.

मग तुम्ही ओढ्याच्या दरडीवरून टट्टूसकट खाली आलात. टट्टू उठलं. तुम्ही उठला नाहीत.

अख्खा पावसाळा तुम्ही बाजेवर काढलात. हिवाळ्यात भिंत धरून दारापर्यंत यायला लागलात, पण खाली बसलात की कळ मस्तकात जायची. टट्टूवर बसणं तर स्वप्नातही नको. तालुक्याहून निरोप आला की दौरा सुरू करा, नाहीतर जागा सोडा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तोंड भिंतीकडं केलंत. अक्का मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "नाना, ह्यांना कुठंबी घेऊन जा. पर घरातनं घेऊन जा."

म्हणून मी तुम्हाला गाडीत कडब्यावर निजवून परळीला नेलं. वैजनाथाच्या गावात हाडं बसवणारा एक म्हातारा होता, त्याचा गुण येतो म्हणत. त्यानं दाबून बघितलं, तेल दिलं, आणि तुमच्या नजरेला नजर न देता हात धुतले. आपण परत निघालो. रेल्वेचं काम तेव्हा चालू होतं. रुळांच्या कडेनं तांबड्या मुरमाचा नवा रस्ता होता. त्या रस्त्यानं समोरून काहीतरी आलं.

"नाना, थांबव."

"काय झालं? कळ आली का?"

"थांबव म्हनतो ना. त्यो बघ."

एक गोरा साहेब येत होता, रेल्वेच्या कामावरचा. खुर्चीत रेलून बसावं तसा, पाय पुढं, डोकं मागं, जमिनीपासून हातभर उंचीवर. खाली दोन चाकं, पुढचं लहान, मागचं मोठं. पाय हवेत फिरत होते आणि तो सरसर येत होता. मला हसू फुटलं. गाडीचे बैल बुजले. मला दिसलं ते एक चमत्कारिक सोंग. तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही हळू आवाजात सांगितलंत.

"नाना, त्याची पाठ टेकलीया."

साहेब थांबला. बैल बुजवले म्हणून टोपी काढून काहीतरी म्हणाला. मग त्यानं तुम्हाला कडब्यावर पडलेलं बघितलं. स्वतःच्या पाठीमागं हात नेला आणि म्हणाला, "कमर?"

तुम्ही म्हणालात, "कमर."

तेवढंच बोलणं झालं. मी आणि मागून धावत आलेला त्याचा माणूस, दोघांनी तुम्हाला उचलून त्या आसनावर ठेवलं. वेताचं विणलेलं आसन होतं. तुम्ही मागं टेकलात, पाय पुढं ठेवलेत आणि डोळे मिटलेत. मी घाबरलो, मला वाटलं कळ आली. तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा त्यात पाणी होतं. म्हणालात, "दुखत न्हाई." परत म्हणालात, "नाना, बसलोय, आन् दुखत न्हाई."

दाजी, मी पुष्कळ देवळं बघितली. पण त्या मुरमाच्या रस्त्यावर माझ्या अंगावर जसा काटा आला तसा कुठं आला नाही.

रूळ परळीला पोचले आणि साहेबाला पुढं जायचा हुकूम आला, तेव्हा त्यानं आपल्या माणसाकरवी निरोप धाडला, सायकल हवी असेल तर ये. मी सोबत आलो तो घासाघीस करायला. तुम्ही भाव विचारलाच नाही. तुम्ही विचारलंत, आसन मागं-पुढं सरकतं का, माझे पाय तुझ्याहून आखूड आहेत. साखळी एवढी लांब, तुटली तर इथला लोहार जोडील का? मागचं चाक दुसऱ्या सायकलींसारखंच दिसतं, त्याचा टायर बीडला मिळेल, पण पुढच्या लहान चाकाचा कुठून आणू? साहेब आत गेला आणि पुढच्या चाकाचे ठेवणीतले टायर घेऊन आला. त्याचा खानसामा मधे बसून इकडचं तिकडं सांगत होता, आणि तुम्ही दोघं मोडक्या पाठीची माणसं सोयऱ्यांसारखी बोलत होतात. पैशाचं काय ठरलं ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी केवढ्याला पडली म्हणून विचारलं की म्हणायचात, "एका कमरेला."

शिकलात ते आमच्या खळ्यावर. आम्ही समजलो की रेलून बसायचं, पाय मारायचे, झालं. साधी सायकल येणाऱ्यालाही ती येत नाही हे आम्हाला काय ठाऊक. तुम्ही डावीकडं पडलात, उजवीकडं पडलात, एकदा सरळ कडब्याच्या गंजीत गेलात. अक्का मागं धावायची, आसन धरून. हळूहळू तुम्हाला उमगलं. एक पाय आधीच वर ठेवायचा आणि जोरात रेटायचं, भीत भीत रेटलं की लवंडतं. हात ढिले ठेवायचे. मान आवळायची नाही. मग एका सकाळी अक्कानं आसन सोडलं आणि तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही खळ्याच्या पार टोकाला जाऊन वळलात तेव्हा ती इकडंच उभी होती, पदर तोंडात धरून. ती हसत होती. तुमच्या पडण्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

गावाला पचायला वेळ लागला. खाली एवढी बुटकी वस्तू रस्त्यानं येते म्हटल्यावर गाडीवानांना ती दिसायची नाही, बैल उधळायचे. तुम्ही मागं कळकाची काठी बांधली आणि तिला अक्काच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं लावलंत, लांबूनच हाळी द्यायला लागलात. पण खरी अडचण पायांची होती. मारुतीच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनी एक दिवस तुम्हाला अडवलं. "सरकारी मानूस हाईस म्हनून काय झालं? देवाकडं पाय करून जातोस?" मी भांडायला पुढं झालो. तुम्ही मला हातानं मागं सारलंत आणि म्हणालात, "बराबर हाय. चुकलं."

त्या दिवसापासून कुठल्याही गावात देऊळ आलं, दर्गा आला, पारावर वडीलधारी माणसं बसलेली असली, की तुम्ही उतरायचात. उतरणं तुम्हाला किती जड जायचं ते मला माहीत होतं. एक हात कमरेवर, एक सायकलीवर, वाकडे वाकडे चालत देऊळ ओलांडायचात आणि मग परत टेकायचात. मी म्हणायचो, देवाला कळत नाही का तुमचं दुखणं? तुम्ही म्हणायचात, "देवाला कळतं रे. मानसांना कळाया पायजे, की मी त्यांचा मान ठेवतो." हा वाद आपण शेवटपर्यंत घातला. मला अजून वाटतं की तुम्ही उगीच एवढं दुखवून घेतलंत. आणि अजून वाटतं की तसं करणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

पण खरी नवलाई तुमच्या कामात झाली. आता तुम्ही वेशीत आलात की दारं उघडायची. लेकरं कणगीतनं बाहेर यायची, बाया पाण्याच्या घागरी घेऊन तशाच उभ्या राहायच्या. आणि प्रश्न! झोप लागत न्हाई का हिच्यावर? कुत्री तोंडाला येत न्हाईत का? पाऊस आला तर? चिखलात? ओझं कुठं ठेवायचं? तुम्ही एकेकाला उत्तर द्यायचात. कुत्रं आलं की थांबायचं आणि त्याच्याशी बोलायचं, ते आपल्या तोंडाच्या उंचीला असतं म्हणून ऐकतं. चिखलात जायचंच नाही. ओझं आसनाखाली, तिथं सावली असते. त्या सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला तुमचा डबा असायचा आणि डब्यात लसीच्या काचेच्या नळ्या. मला वाटायचं तुम्ही वेळ घालवता. लोकांची टवाळी पुरी होऊ देता. मला समजलं ते घाटापलीकडच्या वाडीत.

ती वाडी परळीच्या वर, डोंगर चढून पलीकडं दरीत उतरल्यावर. तिथं देवी आल्याची खबर होती. त्या भागात कुणी टोचू देत नव्हतं. आई घरात आलेली असताना सुई लावली तर ती कोपते, अशी पक्की समजूत. तुमच्या आधी गेलेल्या माणसाला दगड खावे लागले होते. मी टट्टू घेऊन सोबत निघालो. चढाला तुम्ही उतरलात. चढावर ती सायकल चालत नाही हे माझं म्हणणं तुम्हाला मान्य नव्हतं, पण त्या चढावर तुम्ही निमूट उतरलात. तुम्ही सायकल ढकलायचात, थकलात की तिच्यावरच टेकायचात, मी मागून शिव्या द्यायचो. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. खाली दरी, पिकलेली ज्वारी, मधे दहा-पाच छपरं.

"नाना, तू ये सावकाश," म्हणालात, आणि पाय उचललेत.

दाजी, मी तो उतार तुमच्या मागं उभा राहून बघितला. तुम्ही जमिनीला लागून चालला होतात, पाण्यासारखे. वळण आलं की सायकल कलायची आणि तुम्ही तिच्यासोबत कलायचात. ज्वारीच्या वर फक्त ते लाल फडकं दिसत होतं, पळणारं. जो माणूस बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता, तो माझ्यासमोर डोंगर उतरत होता, आडवाच, पाठ टेकून, आणि त्याच्याहून वेगवान दुसरं काही त्या दरीत नव्हतं. मी टट्टूचा लगाम धरून तसाच उभा राहिलो. खाली जायचं सुचलं नाही.

मी पोचलो तेव्हा वाडीची सगळी माणसं बाहेर होती, पण लांब लांब. एक म्हातारी तेवढी पुढं आली होती. तिच्या घरात एक नातू लिंबाच्या पाल्यावर निजवलेला होता, अंगभर फोड. दुसरा, धडधाकट, तिच्या लुगड्याला धरून उभा होता.

"कावून असा पडून आलास रे बाबा?" ती म्हणाली. "आजारी हाईस का?"

"पाठ मोडलीया मावशे."

"मंग घरी पडावं."

"घरी लई पडलो. आता हिच्यावर पडतो."

कुणीतरी मागं हसलं. म्हातारी सायकलीभोवती फिरली. समोरचं दिसतं का? पायाच्या मधून दिसतं. चढाला काय करतोस? उतरतो आन् ढकलतो, ह्यो मेव्हणा शिव्या देतो. किती येळा पडलास? लई येळा. लागलं का? जमीन जवळच हाय मावशे, लई न्हाई लागत.

"भ्याव न्हाई वाटत?"

"वाटतं की. उताराला रोज वाटतं."

तेव्हा तुम्ही म्हणालात, "मावशे, सायकलीचं समदं इचारलंस. आता त्या डब्याचं इचार."

माणसं मागं सरकली. म्हातारी नाही सरकली. बराच वेळ तिनं डब्याकडं बघितलं.

"दुखतं का?"

"दुखतं. ताप बी येतो. लेकरू दोन-तीन रोज किरकिर करतं."

"आन् आई कोपली मंजी?"

मला वाटलं तुम्ही आता सरकारचं नाव घेणार, नाहीतर देव-बिव काही नसतं म्हणणार. तुम्ही म्हणालात, "ते मला ठावं न्हाई मावशे. मी देवाचा मानूस न्हाई. पर मी टोचलेली बहुतेक लेकरं आईच्या जत्रंला आपल्या पायानं जात्यात."

"बहुतेक?"

"समदी म्हनलो तर खोटं हुईल."

म्हातारीनं चोळीची बाही वर सारली. वाळलेला, काटकुळा दंड तुमच्यापुढं धरला. "आदी मला टोच. सकाळी मी उठले तर नातवाला."

आपण तिच्याच छपरीत मुक्काम केला. सकाळी ती उठली. दंड सुजला होता, कपाळ तापलं होतं, आणि नातू कडेवर होता. "बस," तुम्हाला म्हणाली, "सुरू कर." तुम्हाला फार वेळ उभं राहता येत नव्हतं, म्हणून तुम्ही सायकलीवर रेललात आणि वाडी तुमच्यापुढं रांगेनं आली. तुम्ही खाली, ती वर. एकेकजण वाकायचा आणि दंड पुढं करायचा. दुपार झाली, सावली फिरली की मी सायकल ओढून सावलीत न्यायचो, तुमच्यासकट. म्हातारीचा आजारी नातू वाचला नाही. आणखीही दोन घरांतून रडणं उठलं. पण ज्यांना तुम्ही त्या दिवशी टोचलं, त्यांच्यासाठी ते उठलं नाही. पुढं मी घोंगड्या घेऊन गेलो की म्हातारी त्या नातवाला माझ्यापुढं उभा करायची, दर वर्षी थोडा उंच.

परतीच्या वाटेवर मला तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "तुम्ही टट्टूवर असता तर काल दुपारीच पोचलो असतो."

तुम्ही म्हणालात, "टट्टूवर आलो असतो तर म्हातारीला मान वर करून बोलाया लागलं असतं. मी पडलेलो व्हतो, ती वाकून बोलली. मानूस वाकून बोलतं तवा लई भीत न्हाई."

मी म्हणालो, काहीतरीच काय. म्हातारी धीट होती म्हणून झालं. तुम्ही म्हणालात, धीट होती हे कळायला तिला कुणीतरी विचारू द्यायला पाहिजे होतं. घाट संपेपर्यंत आपण भांडलो. नंतरही कित्येक वर्षं, कुठल्याही रस्त्याला लागलो की हा विषय निघायचा, आणि दोघांपैकी कुणी मागं हटलं नाही. आता माझ्याकडं एक चांगलं उत्तर आहे दाजी, आणि द्यायला समोर कुणी नाही.

जे मला त्या वाटेवर बोलता आलं नाही ते आता सांगतो. तुमच्याकडं बघून मला भीती वाटायची. देवळातल्या अंधारात वाटते तसली. घरी आलात की तुम्ही साधे असायचात, भाकरी जास्त भाजली म्हणून कुरकुरणारे, मिशीला तेल लावणारे. अक्कावर रुसायचात आणि तिनं हाक मारायची वाट बघत ओट्यावर बसायचात. मग मी त्या माणसाला डोंगर उतरताना आठवायचो आणि दोन्ही एकच आहेत हे मला पटायचं नाही. माझ्या बहिणीनं अशा माणसाबरोबर संसार केला. तुमच्यामुळं ती दारात उभी राहून रस्ता बघायला शिकली, लाल फडक्याची वाट बघायला शिकली. आमच्या आईनं सगळा जन्म रस्त्याकडं पाठ करून काढला होता. ह्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते. पण मेव्हण्यानं दाजींची थट्टा करायची असते, म्हणून मी थट्टाच करत राहिलो, आणि तुम्हीही ती लाडानं करून घेतलीत.

तुम्हाला नेलं त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. ते तुम्हाला बघता आलं नाही, मी बघितलं. सकाळपासून बाहेरगावची माणसं येत होती, कुणी निरोप धाडला होता देव जाणे. खांदा द्यायला गावच्या पोरांना कुणी पुढं होऊच दिलं नाही. परक्या गावांचे चार तरणे गडी पुढं झाले, अंगातले सदरे काढून, धोतर खोचून. मी त्यांच्यामागं चालत होतो. ऊन लख्ख होतं. चालता चालता माझी नजर समोरच्याच्या उघड्या दंडावर गेली. तिथं वण होते, जुने, गोल, एका ओळीत. ओळ तिरपी होती, खालून वर गेलेली. उभं राहून टोचणाऱ्याची ओळ तशी येत नाही. रेलून बसलेल्या माणसानं, वर हात करून काढलेली ओळ होती ती.

मी दुसऱ्याकडं बघितलं. त्याच्याही दंडावर. तिसऱ्याच्या. चौथ्याच्या. माझे पाय जागीच थबकले, मागची माणसं माझ्यावर येऊन आदळली. ओढ्याजवळ ते चौघं दमले, कुणीतरी हाळी दिली. दुसरे चौघं धावत पुढं आले, तुम्हाला आपल्या खांद्यांवर घेतलं, आणि दाजी, त्या दंडांवरही तुमचाच हात होता.